आधी बटाटा, मग पाकीट

अरे, मुंबईच्या दुकानदाराचा वेफर्ससाठी फोन आला म्हणून लगेच मोठी कढई घेऊ नकोस. आधी बटाटा बघ. शीतगृहात २-४ अंशांवर ठेवलेला बटाटा गोडसर होतो. तळला की वेफर्स तांबूस, कडवट. चिप्सोना ही वेफर्ससाठीची बटाट्याची जात घे, १०-१२ अंशांवर ठेवलेली. प्रत्येक गोणीतले दोन तळून पाहायचे, मगच पैसे मोजायचे. मी एकदा आळस केला, अख्खा घाणा गुरांपुढे गेला. पाकिटाच्या डिझाईनवर सगळे बोलतात, सील कोणी तपासत नाही! पाण्यात दाबून बघ. बुडबुडे आले की माल सादळणार. राजकोटच्या बालाजी वेफर्सवाल्या विराणींची सुरुवातही सिनेमागृहाच्या कँटीनमधूनच झाली. तू सध्या तालुक्यातली दुकानं सांभाळ. परत आलेली पाकिटं मात्र स्वतः फोडून खा.