नट्सची ॲलर्जी असलेल्या मुलाला डब्यासाठी बिया आणि फळं वापरून घरी काय करून देता येईल?

तुम्ही लिहिलंय मुलगा पाच वर्षांचा, नट्स पूर्ण बंद, आणि डब्यात बाजारचे बार नकोत. आधी एक करा, "नट्स" म्हणजे नेमकं काय काय ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. शेंगदाणा वेगळा, अक्रोड-बदाम वेगळे, काजू-पिस्ता बहुतेक वेळा जोडीने त्रास देतात. आमच्या पोराला, बाबूला, काजू आणि पिस्ता नाही, नारळ चालतो. नारळ बंद झाला असता तर गोव्यात त्याला खायला घालायचं काय हा प्रश्नच होता.

हे उत्तर लिहायला बसलो कारण आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, घरामागे चढावर काजूची बागायत, मार्च-एप्रिलमध्ये अंगणात पाय ठेवायला जागा नसते इतक्या बिया वाळत घातलेल्या असतात. अशा घरात काजू न चालणारा मुलगा जन्माला आला. पहिल्यांदा कळलं तेव्हा माझी काकी म्हणाली, "काजूच्या घरांत काजू नाका (नको)?" जणू पोराने मुद्दाम ठरवून आमचं नाक कापलं. मग सुरू झालं, थोडं थोडं दे, सवय होईल, आमच्या वेळी कोणाला नव्हतं असलं. असं घरच्या घरी थोडं थोडं देऊन सवय लावायची नसते, ते कधी केलंच तर डॉक्टरच्या देखरेखीखाली करतात, हे मी तिला शंभर वेळा सांगितलं असेल.

तीन वर्षांपूर्वीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घरात पंचवीस माणसं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झालेली, स्वयंपाकघरात काकीचं राज्य. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण दोन पातेल्यांत, एक काजू घातलेलं आणि एक बाबूसाठी वेगळं, खोबरं, रवा, तीळ, खसखस, वेलची. काकीने स्वतः वेगळं केलं होतं, वर ताटली पालथी घालून ठेवलं होतं, हे मान्य करायला हवं. तळलं पण आधी बाबूचं आणि मग बाकीच्यांचं. पोराने अर्धी नेवरी खाल्ली आणि पाच-सात मिनिटांत ओठ सुजायला लागला, मग मानेवर गांधी, मग उलटी, आणि मग त्याचा आवाज बसला. आवाज बसला तेव्हा माझे हातपाय गार पडले. गाडी काढली, हॉस्पिटलमध्ये मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. आरती आमच्याशिवाय झाली.

काकीचं म्हणणं, सकाळी कोणीतरी चॉकलेट दिलं होतं त्याने झालं. माझं म्हणणं, मिक्सर. आदल्या दिवशी मांगण्यासाठी (चणाडाळीच्या खिरीसाठी) त्याच भांड्यात काजू वाटला होता आणि मग त्यातच बाबूचे भाजलेले तीळ फिरवले. घरी आल्यावर मी झाकणाची रबरी रिंग काढून बघितली, तर खाचेत पांढरा पेस्ट सुकून बसलेला, नखाने खरवडला तर निघाला. तेव्हापासून आमच्याकडे वेगळं भांडं, वेगळा झारा, वेगळी कढई. तुम्ही रेसिपी विचारताय पण रेसिपी हा सोपा भाग आहे हो, भांडी सांभाळणं अवघड.

असो, रेसिपी. लाडू: एक वाटी सूर्यफुलाच्या बिया, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया, दोन चमचे तीळ, पंधराएक मऊ खजूर. भोपळ्याच्या बिया मंद आचेवर फुगून तडतडल्या की उतरवा, तीळ शेवटी, ते लगेच करपतात. मिक्सर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा नाहीतर तेल सुटून लगदा होतो. खजूर तव्यावर जरा गरम करून घातला की गूळ-साखर काही लागत नाही. काकी म्हणायची काजूशिवाय ताकद कुठली, तर काजूत 100 ग्रॅमला 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि भोपळ्याच्या बियांत 30 च्या आसपास. हे मी तिला पाकिटावर छापलेलं वाचून दाखवलं, तर म्हणाली पाकिटावर काय, काहीही छापतात.

पिकलेली केळी काळी पडायला लागली की मुळीक करा, केळं कुस्करून त्यात रवा, नाचणीचं पीठ, थोडा गूळ, वरून तीळ. तळायचे नसतील तर आप्पेपात्रात. डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतात. मे महिन्यात आंब्याचं साठ (आंबापोळी) घालून ठेवलं तर वर्षभराची सोय, साठाच्या पट्टीत बियांचा कूट गुंडाळून दिला की पोरं चॉकलेटसारखं खातात. चियाच्या मागे लागू नका, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवा आणि खोबरं-गुळात शिजवून लाडू वळा, स्वस्त आणि आपल्या ओळखीचं. भाजीच्या रश्श्याला काजूऐवजी मगज बी वाटून घाला किंवा फणसाच्या आठळ्या, आम्ही बिकणां म्हणतो, उकडून सोलून वाटा, रस्सा असा दाट होतो की पाहुण्यांना काजूच वाटतो.

सूर्यफुलाच्या बियांचं बटर घरी होतं, भाजून पंधरा मिनिटं मिक्सरला लावा, मध्ये मध्ये थांबून, मोटर तापते. पण ते केकमध्ये घालून वर खायचा सोडा टाकलात तर केक आतून हिरवा होतो. खरंच हिरवा. बियांतलं क्लोरोजेनिक ॲसिड सोड्याबरोबर रंग बदलतं, खाण्याला काही अपाय नाही. सोडा कमी करा, चमचाभर लिंबाचा रस घाला. आमच्याकडे पहिला केक हिरवा निघाला तेव्हा काकीने "बुरशी आलीय" म्हणून सगळा गुरांना घातला आणि आठवडाभर गावात सांगत फिरली.

आता चारोळी. बी आहे म्हणून लोक बिनधास्त घालतात, श्रीखंडात, सारणात. चारोळी, काजू, पिस्ता, बिब्बा सगळे एकाच कुळातले. आंबाही त्याच कुळातला आणि आमचा बाबू मानकुराद कोपरापर्यंत ओघळ येईपर्यंत खातो, काही होत नाही, पण चारोळीची रिस्क मी घेत नाही. आणि बिया ड्रायफ्रूटच्या दुकानातून सुट्या आणू नका, गोव्यात तर नाहीच, काजूच्या बरणीतला डाव तोच भोपळ्याच्या बियांत जातो. सीलबंद पाकीट घ्या, मागचं वाचून.

हे आधी लिहायला हवं होतं, तिळाचीही ॲलर्जी असते. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं झालं, आपल्या 2020 च्या लेबलिंग नियमांच्या यादीत शेंगदाणे आणि ट्री नट्स (काजू-बदाम-अक्रोड वगैरे) आहेत, तीळ नाहीत. तेव्हा तुमच्या मुलाला तीळ चालतो का हे विचारल्याशिवाय वरचं काही करू नका. पाच वर्षांचा आहे तर बिया आख्ख्या देऊ नका, घशात अडकतात, कूटच करा. आणि मी डॉक्टर नाही, मी पंचायतीत क्लार्क आहे.

आणखी एक, इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी मिक्सरचं भांडं मी धुतलं होतं. काकीने सांगितलं होतं नीट धू, मी विम लावून धुतलं, रिंग काढली नाही. ती अजून चॉकलेट म्हणते, मी मिक्सर म्हणतो, आणि सगळे गृहीत धरतात की मिक्सर म्हणजे काकीची चूक. भांडं कोणी धुतलं हे तिने आजवर विचारलेलं नाही, आणि मीही सांगितलेलं नाही.