'पावित्र्यता', 'पावित्र्य' की 'पवित्रीकरण'?

सातारा जिल्ह्यातील एका तरुण ख्रिस्ती पाळकांची शंका अशी आहे : शिबिराच्या पत्रिकेसाठी त्यांनी 'वैयक्तिक पावित्र्यता आणि पाळकीय सेवा' असा विषय लिहून दिला, तेव्हा मंडळीतील, म्हणजे त्यांच्या चर्चमधील, एका निवृत्त शिक्षकांनी 'पावित्र्यता' या शब्दावर लाल रेघ मारली. मग योग्य शब्द कोणता, आणि प्रवचनात 'पावित्र्याच्या मागे लागा' असे म्हटलेले चालेल का?

रेघ योग्य ठिकाणी पडली आहे. 'पवित्र' या विशेषणाला 'ता' लावला की 'पवित्रता' होते, आणि 'य' लागून पहिल्या स्वराची वृद्धी झाली, म्हणजे 'प'चा 'पा' झाला, की 'पावित्र्य' होते. दोन्ही प्रत्यय एकाच शब्दावर चढवले, तर तो 'सौंदर्यता' आणि 'धैर्यता' यांच्या पंगतीला जाऊन बसतो. 'पवित्रता' आणि 'पावित्र्य' यांच्या अर्थात मात्र भेद नाही.

तरीही त्या पत्रिकेवर नुसते 'पावित्र्य' छापावे, असे मला वाटत नाही. मराठीत पावित्र्य राखतात, जपतात, त्याचा भंग होतो. म्हणजे ते आधीपासून असलेले आणि आपण फक्त सांभाळायचे असे काहीतरी असते, मग ते देवळाचे असो वा मतदानाचे. ख्रिस्ती शिकवणीत, निदान सांगली-मिरज-कोल्हापूर भागात ज्या प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले त्या परंपरेत, नीतिमान ठरवले जाणे ही एकदाच घडणारी गोष्ट मानतात आणि पवित्र होत जाणे हे आयुष्यभर चालणारे काम मानतात. याच परंपरेतील १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावलीने पहिल्याला देवाची 'कृती' आणि दुसऱ्याला देवाचे 'कार्य' म्हटले आहे, ते याच कारणाने. या दुसऱ्या गोष्टीसाठी आपल्याकडे 'पवित्रीकरण' हा नेमका शब्द आहे.

त्यातील दीर्घ 'ई'कडे लक्ष द्यावे. संस्कृत व्याकरणात याला 'च्वि' प्रत्यय म्हणतात, आणि जे आधी तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ आहे. रस्त्याचे रुंदीकरण म्हटले की रस्ता आज रुंद नाही, हे त्या शब्दातच कबूल केलेले असते, आणि काम चालू असताना त्याच रस्त्यावरून एसटी आणि उसाचे ट्रॅक्टर जात असतात. पाळकाची स्थिती याहून फार वेगळी नसावी. पवित्रीकरण पुरे झाल्यावर सेवा सुरू करायची म्हटले, तर एकाही मंडळीला पाळक मिळणार नाही. शिवाय 'करण' हा शब्द करणारा कोण ते सांगत नाही, आणि ही संदिग्धता येथे उपयोगीच पडते, कारण थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव पवित्र करतो, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (१२:१४) माणसाला त्यासाठी झटायला सांगितले आहे.

थोडे विषयांतर करतो. 'पवित्र' हा शब्द 'पू' म्हणजे स्वच्छ करणे या धातूला 'इत्र' हा साधनवाचक प्रत्यय लागून झाला आहे. खणायचे ते जसे खनित्र, तसे स्वच्छ करायचे ते पवित्र. ऋग्वेदात सोमरस गाळण्याची मेंढीच्या लोकरीची गाळणी, ती 'पवित्र'. वाईच्या घाटावर श्राद्धाला बसलेल्या माणसाच्या अनामिकेत दर्भाची जी अंगठी असते, ती 'पवित्रक'. म्हणजे हा शब्द मुळात गाळून घेण्याच्या साधनाचा होता, गाळून झालेल्या वस्तूचा नव्हे. हिब्रू 'कादोश' या शब्दाचा रोख मात्र 'देवासाठी वेगळे काढलेले' या अर्थाकडे आहे, आणि मराठी बायबल वाचताना तो अर्थ आपल्या 'पवित्र'वर चढवूनच वाचावा लागतो.

आता 'मागे लागा'विषयी. इब्री पत्रातील त्या वचनात मूळ ग्रीक क्रियापद पाठलाग करण्याचे आहे हे खरे, पण मराठीत माणूस पैशाच्या मागे लागतो आणि कुत्रे सायकलच्या मागे लागते. त्या क्रियापदात हाव तरी असते किंवा पिच्छा तरी. 'पावित्र्यासाठी झटा' किंवा 'पावित्र्याचा ध्यास घ्या' हे सरळ मराठी आहे. 'शुद्धीकरण' मात्र येथे घेऊ नये. महाराष्ट्रात 'शुद्धी' म्हणजे धर्मांतरिताला परत घेणे हा अर्थ इतका रुजलेला आहे, की ख्रिस्ती पत्रिकेवर तो शब्द भलतीकडेच नेईल.

पाळकीय सेवेशी या शब्दाचा सांधा जुळवायचा असेल, तर पेत्राच्या पहिल्या पत्रातील (५:३) 'कळपाला कित्ते व्हा' हे शब्द हाताशी आहेत. कित्ता म्हणजे मुलाने गिरवायचे वळणदार अक्षर. वळण गिरवणाऱ्याच्या बोटांत उतरते, आणि कित्त्यातील 'क'ची गाठ चुकलेली असेल, तर अख्ख्या वर्गाच्या पाटीवर ती तशीच उमटते.

तेव्हा पत्रिकेवर 'पाळकाचे पवित्रीकरण आणि पाळकीय सेवा' असे छापावे. 'पाळकाचे' म्हटल्यावर 'वैयक्तिक' वेगळे लिहिण्याची गरज उरत नाही. मुद्रिते तपासताना 'वि' ऱ्हस्व आणि 'त्री' दीर्घ आहे ना, तेवढे मात्र त्या निवृत्त शिक्षकांकडूनच पाहून घ्यावे.