स्कॉटलंडने जास्त पगारवाल्यांचा इन्कम टॅक्स वाढवलाय, तिथले लोक खरंच वैतागलेत का? एडिनबराची ७८ हजार पौंडांची ऑफर घ्यावी की तेवढ्याच पगाराची मँचेस्टरची?

वैतागलेत, हो. पण कोण वैतागलंय आणि कशावर, हे नीट बघायला हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर "स्कॉटलंडमधून सगळे पळून चाललेत" असं जे फिरतंय ते लिहिणारे बहुतेक कधी इकडे राहिलेलेच नसतात. मी अ‍ॅबर्डीनला राहतो, ऑइल अँड गॅसमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, पगार ७५ हजारांच्या थोडा वर आहे, म्हणजे ज्यांच्यावर ही वाढ झाली त्यातलाच एक.

स्लॅबचं टेबल गूगलवर मिळेल, ते इथे चिकटवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की २०१८ ला इकडे पाच बँड झाले, वरचे दोन ४१ आणि ४६ टक्के, मग २०२३ ला ते ४२ आणि ४७ झाले, आणि एप्रिल २०२४ पासून ७५ हजारांच्या वर ४५ टक्क्यांचा नवीन 'अ‍ॅडव्हान्स्ड' बँड आला आणि सगळ्यात वरचा रेट ४८ झाला. इंग्लंडमध्ये ४० टक्के ५०,२७० ला सुरू होतात, इकडे ४२ टक्के ४३,६६२ लाच, आणि हा आकडा कित्येक वर्षं गोठवून ठेवलाय. खरी खदखद इथे आहे.

१९ डिसेंबर २०२३ ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या अर्थमंत्री शोना रॉबिसन यांनी तो अ‍ॅडव्हान्स्ड बँड जाहीर केला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. मला वाटलं होतं मोठ्या पगारवाले आरडाओरडा करतील. ते शांत होते. आमचा एक सीनियर मॅनेजर, लाखाच्या वर पगार असणार, म्हणाला की मी जास्तीचे पैसे पेन्शनमध्ये टाकणार, विषय संपला. भडकला होता तो एक टेक्निशियन पोरगा, तिशीच्या आतला, ४४-४५ हजारांवर. त्याने मोबाईलवर पेस्लिप उघडून समोर धरली, ओव्हरटाइमची ओळ दाखवली आणि म्हणाला, मी शनिवार-रविवार घरदार सोडून काम करतो, वरच्या प्रत्येक शंभर पौंडातले निम्म्याहून जास्त जातात, आणि टीव्हीवर मला 'हायर अर्नर' म्हणतात. हिशोब त्याचा बरोबरच होता. आजही ४३,६६२ ते ५०,२७० या पट्ट्यात ४२ टक्के टॅक्स आणि वर ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी), सरळ ५० टक्के. इंग्लंडमध्ये त्याच पगारावर २८. अनुभवी शिक्षक, सीनियर नर्स, असे लोक या पट्ट्यात येतात. यांना श्रीमंत म्हणून टॅक्स लावणं मला साफ चूक वाटतं, आणि हे मी एसएनपीला, म्हणजे ही वाढ करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला, मत देणाऱ्या मित्रांनाही तोंडावर सांगतो.

त्याच टेबलवर अकाउंट्समधली एक बाई होती, इथलीच, साठीच्या आसपास. तिची आई घरी अंथरुणाला खिळलेली, सकाळ-संध्याकाळ केअरर येतात, अंघोळ घालणं, कपडे बदलणं, सगळं पर्सनल केअर फुकट, ते २००२ पासून इकडे आहे. ती म्हणाली माझा टॅक्स वाढला तर वाढू दे, हे बंद केलं तर मात्र मी रस्त्यावर उतरेन. टेक्निशियन पोरगाही गप्प झाला. पण मग तोच म्हणाला, बरं, टॅक्स घेताय ना, मग माझ्या वडिलांच्या हिपच्या ऑपरेशनला नंबर का लागत नाही? यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. लोकांची प्रतिक्रिया म्हणाल तर ती हीच आहे. रेटपेक्षा "पैसे जातात कुठे" हा राग जास्त आहे, वेटिंग लिस्ट, रस्त्यातले खड्डे, कौन्सिलची कापाकापी. अ‍ॅबर्डीनमध्ये तर तेल कंपन्यांवरच्या विंडफॉल टॅक्सवरून (जादा नफ्यावरचा कर) लोक याहून जास्त संतापलेत, कारण त्यात नोकऱ्याच जातायत.

बाहेर म्हणाल तर उद्योगवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला, डॉक्टर मिळणार नाहीत अशी काळजी डॉक्टरांच्या संघटनेने, बीएमएने, बोलून दाखवली, आणि कामगार संघटनांचं उलट म्हणणं की हे कमीच आहे, संपत्तीवर कर लावा. सगळे पळून गेले का? नाही. कर खात्याच्या आकडेवारीत उरलेल्या यूकेतून इकडे येणारे करदाते जाणाऱ्यांपेक्षा जास्तच आहेत. पण लोक वागणं बदलतात, हेही खरं. सरकारी उत्पन्नाचे अंदाज बांधणारी स्वतंत्र संस्था, स्कॉटिश फिस्कल कमिशन, तिच्याच अंदाजात २०२४ च्या वाढीतून कागदावर २० कोटी पौंड यायला हवे होते, लोक पेन्शनमध्ये टाकतील, तास कमी करतील हे धरल्यावर ८.२ कोटी उरले. म्हणजे आमचा तो मॅनेजर.

आता तुमचा प्रश्न वाचून मला लिहावंसं का वाटलं ते सांगतो. आमचे साडू लंडनजवळ स्लाऊला असतात. माणूस चांगला, अडीनडीला धावून येणारा, पण गणपतीला त्यांच्याकडे गेलो की आरती झाल्या झाल्या हा विषय निघतोच. "अहो, तुम्ही तिकडे राहण्याचा दंड भरताय, या इकडे." एका वर्षी तर त्यांनी मोदकाचं ताट बाजूला सारून सगळ्यांसमोर टेक-होम कॅल्क्युलेटर उघडला, माझा पगार टाकला, एकदा इंग्लंड, एकदा स्कॉटलंड, आणि फरक मोठ्याने वाचून दाखवला. दोन हजारांच्या वर. बायकोच्या माहेरच्या दहा-पंधरा माणसांसमोर. मी तेव्हा काही बोललो नाही, पाहुणा होतो, सणाचा दिवस होता. पण उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं आणि आता ते इथे लिहितो.

त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी एका वयाचे. माझी मुलगी अ‍ॅबर्डीन युनिव्हर्सिटीत आहे, ट्यूशन फी शून्य. त्यांचा मुलगा तिकडे वर्षाला सव्वानऊ हजारांच्या वर फी भरतोय, म्हणजे भरत कोणीच नाहीये, लोन चढतंय, राहण्याखाण्याचं वेगळं. नोकरी लागल्यावर २५ हजारांच्या वरच्या प्रत्येक पौंडातले ९ टक्के कापले जाणार, आणि संपलं नाही तर ४० वर्षं. हा टॅक्सच आहे ना? बापाच्या पगारातून कापला नाही म्हणून पोराच्या पगारातून कापायचा. साडूंच्या कॅल्क्युलेटरमध्ये हा कॉलम नव्हता. माझ्या बायकोला दमा आहे, तिचे इन्हेलर इकडे फुकट, तिकडे प्रत्येक आयटमला ९.९० पौंड. मुलगी २२ ची होईपर्यंत बस फुकट. यातलं काहीच मोठं नाही, पण कोणी मला 'दंड' म्हणालं की मला ते लागतं, कारण मी या पैशाचं जे होतं ते घरात बघतो. पैसे जास्त मिळतात त्याने जास्त भरावेत, मला यात काही वावगं वाटत नाही, माझं स्वतःचं शिक्षण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नाममात्र फीमध्ये झालंय, कोणीतरी भरलेल्याच टॅक्सवर.

बरं, तुमचं. ७८ हजारांवर एडिनबराला मँचेस्टरपेक्षा वर्षाला साधारण सव्वादोन हजार पौंड जास्त टॅक्स जाईल, महिन्याला पावणेदोनशे-एकशे नव्वद धरा. ऑफर लेटरमध्ये पेन्शन सॅलरी सॅक्रिफाइसने (म्हणजे टॅक्स कापायच्या आधीच पगारातून) आहे का ते बघा. असेल तर ७५ च्या वरचे तीन हजार पेन्शनमध्ये टाका, हातातले फक्त १,६०० च्या आसपास कमी होतील आणि ४५ च्या बँडमधून बाहेर पडाल. पहिल्या पेस्लिपवर टॅक्स कोडच्या आधी स्कॉटलंडचा एस (S) असायला हवा, नसेल तर लगेच कळवा, नाहीतर वर्षाच्या शेवटी एकदम वसुली येते. हा फरक घर कुठे आहे त्यावर ठरतो, ऑफिसवर नाही, त्यामुळे हद्दीपलीकडे बेरिकला राहून एडिनबराला ट्रेनने येणारे आहेत, पण रोजचं तिकीट जोडलंत तर त्यात काही उरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती बहुतेक: तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर येणार असाल तर वर मी जे अभिमानाने सांगितलं त्यातलं बरंच तुम्हाला लगेच लागू नाही. फुकट ट्यूशनसाठी सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याची परवानगी) लागतं आणि तीन वर्षं यूकेत राहणं, ते मिळेपर्यंत टॅक्स पूर्ण भरायचा, शिवाय दरवर्षीचा १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीची व्हिसासोबतची फी) आधीच एकरकमी भरलेला. सेटलमेंटची वर्षं वाढवायच्या गोष्टीही लंडनमध्ये चालू आहेत. औषधं आणि मुलांची बस मात्र पहिल्या दिवसापासून. मूल तीन वर्षांपेक्षा लहान असेल तर इंग्लंडची नर्सरीच्या तासांची नवीन स्कीम इकडे नाही, आणि नर्सरीचा महिन्याचा खर्च टॅक्सच्या फरकाच्या कितीतरी पट आहे. त्यासाठी दोघांच्या नोकऱ्या आणि तुमचा व्हिसा आधी तपासा, कारण व्हिसावर तीही सगळ्यांना मिळत नाही. आणि पगार कधी एक लाखाच्या वर गेला तर १,२५,१४० पर्यंत पर्सनल अलाउन्स (करमुक्त रक्कम) कमी होत जातो, त्या पट्ट्यात इकडे ६९.५ टक्के जातात, तिकडे ६२. तेव्हा मुख्य उपाय पेन्शनच.

मुलं शाळेत असतील आणि इथेच राहायचं पक्कं असेल तर मी एडिनबरा म्हणेन. तीन-चार वर्षांत पैसे जमवून पुण्याला परत जायचं असेल तर मँचेस्टर घ्या, त्या हिशोबात आमचे साडू बरोबर आहेत. पण ते स्वतः काही पुण्याला परत जात नाहीयेत, घर घेतलंय स्लाऊला, पंचवीस वर्षांचं मॉर्गेज, आणि मुलाचं लोन अजून सुरूच व्हायचंय.