घरून डिझाइनचं काम करणाऱ्या माणसाचा दिवस कसा असतो? गाण्याला आणि घराला वेळ उरतो का?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की नोकरी सोडायचा विचार चाललाय, तबला सहा वर्षांपूर्वी सुटला आणि घरचे तयार नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. पैशाचंही लिहितो, कारण त्याबद्दल सगळे गोडगोड बोलून सुटतात.

मी मिरजेत राहतो. वय ४३. चौदा वर्षं झाली स्वतःचं काम करतोय. लग्नपत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं, हळदीची पाकिटं, बेदाण्याची खोकी, डॉक्टरांची पत्रकं (मिरजेत दवाखाने किती, हे इकडच्यांना सांगायला नको) आणि श्रावण लागला की गणपती मंडळांची पावती पुस्तकं. बायको एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पोरगी सातवीत. आई ७४ वर्षांची, पूर्वी घरी गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. घरात एक पेटी, एक तानपुरा आणि माणसं चार.

दिवस पावणेसहाला सुरू होतो. बायकोची सकाळपाळी असली तर चहा आणि तिचा डबा माझ्याकडे. ती साडेसहाला बाहेर पडली की मी तानपुरा काढतो. पोरगी उठेपर्यंत पाऊण तास मिळतो. मी काही गवई नाही. विशारदच्या अलीकडे थांबलो, आता पुढे जाईन असंही वाटत नाही. पण या पाऊण तासात फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि तिकडे छापखाना पेटला तरी मी उठत नाही. दिवसातला एवढाच तुकडा माझ्या हातात असतो. बाकीचा दिवस ज्याला हवा तो ओढून नेतो.

तेही नीट सांगतो. लोकांना वाटतं, स्वतःचं काम म्हणजे हवं तेव्हा उठा, हवं तेव्हा बसा. प्रत्यक्षात तुमच्या घरी असण्यावर सगळ्यांचा हक्क असतो. गॅसचं सिलिंडर येणार, तू घरीच आहेस ना. शेजारच्या काकूंचं पार्सल, तू घरीच आहेस ना. मावशीला स्टेशनवरून आणायचंय, तू तर काय, घरीच. पहिली दोन वर्षं मी यावर चिडायचो. मग एकदा आईनेच, मी कामात असताना, आलेल्या पाहुण्याला सांगितलेलं ऐकलं, "नोकरी नाही हो त्याला, पण कॉम्प्युटरवर काहीतरी करतो." त्या दिवशी हसू आलं आणि राग बराचसा गेला. आता आतल्या खोलीचं दार लोटलेलं असलं की आत यायचं नाही, एवढा नियम आहे. तो आई पाळत नाही. बाकीच्या दोघी पाळतात.

साडेनऊ ते दीड हे खरं काम. दुपारी पोरगी येते, जेवण, तिचा गृहपाठ. मग साडेतीन ते सात पुन्हा काम आणि यातले निदान दोन तास फोनवर जातात. "दादा, नाव जरा मोठं करा." "दादा, मामांचं नाव राहिलं." "दादा, तो गणपती बदला, आमच्या सासऱ्यांना डाव्या सोंडेचा पाहिजे." लग्नपत्रिकेत डिझाइन दुय्यम असतं, खरा विषय नातेवाईक. कुणाचं नाव कुणाच्या वर गेलं, यावरून एका घरात तीन दिवस बोलणं बंद होतं, आणि ते सुरू होईपर्यंत माझी फाइल अडकून पडली.

एक गोष्ट मात्र जवळून दाखवण्यासारखी आहे. मराठीतले ल आणि श वेगळे. आपला ल दोन पाकळ्यांसारखा, मधोमध उभ्या देठाला जोडलेला. हिंदी वळणाचा ल उजवीकडे काना घेऊन उभा असतो. फुकटचे बरेच फाँट हिंदी वळणाचे असतात, आणि ज्यांच्यात मराठी वळण दडलेलं असतं त्यांतही ते आपोआप येत नाही, निवडावं लागतं. सुरुवातीला मला याचं काही वाटायचं नाही. मग एकदा प्रूफ टेबलावर पडलं होतं, आई चष्मा लावून बघायला लागली आणि म्हणाली, "हा ल आपला नव्हे रे. कुणाचं लग्न आहे, इथलंच ना?" तेव्हापासून प्रत्येक पत्रिकेतला ल मी हाताने तपासतो. दुसरी डोकेदुखी जुन्या फाँटची. आमच्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत अजून युनिकोडच्या आधीचे, जुन्या पद्धतीचे फाँट चालतात. गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअॅपवर, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालतात त्या अक्षरांत. तो जुन्या फाँटमध्ये उतरवला की 'ऱ्या' फुटतो, 'र्‍हा'चं भलतंच काही होतं आणि 'सुऱ्याची वाडी' वाचवत नाही. वीस मिनिटांचं काम तासाभराचं होतं आणि त्या तासाचे पैसे कुणी देत नाही.

आता पैसे. गेल्या वर्षी माझी महिन्याची सरासरी ३८ हजारांच्या आसपास पडली. पण सरासरीवर घर चालत नाही. एप्रिलमध्ये ७१ हजार आले, ऑगस्टमध्ये ९. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू, चातुर्मासात पत्रिका बंद, मधला खड्डा गणपती आणि दिवाळी अंकाचं एखादं मुखपृष्ठ भरून काढतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा तेही गेलं. सांगलीतले दोन छापखाने पाण्यात होते, त्यांच्याकडे अडकलेली माझी बिलं मागायचं तोंड मला झालं नाही. बायकोचा पगार होता म्हणून त्या वर्षी आम्ही उभे राहिलो. हे मी चारचौघांत सांगतो, लाजत नाही. तुमच्या घरात दुसरा नियमित पगार नसेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नका. घरच्यांची नाराजी बहुतेक वेळा एवढ्याच हिशोबाची असते, आपण उगीच तिला कलेचा विरोध समजतो.

वसुलीचं एक सांगतो, ते मला फार उशिरा कळलं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन लागतं, पैसे लागत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे, काही लेखी ठरलं नसेल तर १५ दिवसांत आणि लेखी ठरलं असलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकरातही पाचर बसली, मुदत टळून गेलेलं असं बिल प्रत्यक्ष चुकतं केल्याशिवाय समोरच्याला खर्चात धरता येत नाही. एका कारखानदाराकडे माझे २२ हजार आठ महिने अडकले होते. साहेब मीटिंगमध्ये, साहेब गावाला, साहेबांची सही राहिली. मी बिलावर उद्यम क्रमांक घातला, खाली कायद्याची एक ओळ लिहिली आणि तेच बिल मार्चमध्ये पुन्हा पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांच्या हिशेबनिसाचाच फोन आला, खाते क्रमांक विचारायला. व्याज मी मागितलं नाही, एवढी हिंमत अजून नाही. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, माझा १० टक्के कापतात तो वेगळाच, तेवढा कर लागत नसेल तर विवरणपत्र भरलं की परत मिळतो. ते भरायचा आळस मी एका वर्षी केला आणि सात हजारांवर पाणी सोडलं.

पत्रिका असेल तर अर्धे पैसे आधी. लग्न झाल्यावर कुणाला पत्रिका आठवत नाही.

घर आणि गाणं यांना वेळ कसा देता, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडे ते दोन वेगळे कप्पे नाहीत, गाणंच घरातलं आहे. पण म्हणून सगळं सुरेल चालतं असं समजू नका. तानपुरा एक आणि सूर दोन, इथूनच भांडण सुरू होतं. आई पूर्वी काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा सा, वयाबरोबर आवाज उतरला, आता काळी तीन. पोरगी काळी चार. संध्याकाळी पोरीसाठी तारा चढवायच्या आणि सकाळी पुन्हा उतरवायच्या, यात खुंट्या सैल पडतात आणि महिन्याला एक तार तुटते. शेवटी पोरीला मोबाइलवरचा तानपुरा लावून दिला. आईने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "त्याला जरा प मोठा कर, ऐकू येत नाही." पोरीची गांधर्व मंडळाची प्रवेशिका परीक्षा आहे यंदा, तिची तयारी आजीच करून घेते. मी फक्त पेटीवर बसतो आणि दोघींची बोलणी खातो.

मिरजेत राहण्याचा एक फायदा असा की ऐकायला लांब जावं लागत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि उरुसात त्यांच्या नावाने रात्र-रात्र गाणं होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात. तिकीट नाही, सतरंजी आहे. पोरगी चार वर्षांची असल्यापासून येते, पहिल्या ख्यालातच मांडीवर झोपते आणि द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, सुरू झाली की जागी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुणाची तरी फाइल द्यायची असते, ती मी दिलेली आहे, डोळे तांबारलेले असताना. नोकरीत होतो तेव्हा या रात्री सोडाव्या लागायच्या. कमाईची तुलना केली तर मी आजही तोट्यात आहे. पण या रात्रींसाठी तो तोटा मला चालतो, तुम्हाला चालेल का ते मला सांगता येणार नाही.

तबल्याचं विचारलंत. नोकरी सोडली की वेळ मिळेल आणि मग तबला सुरू करीन, असा बेत असेल तर तो फसेल. पहिली तीन वर्षं गिऱ्हाईक जमवण्यात जातात, तेव्हा तर मी तानपुऱ्याची गवसणीही काढली नव्हती. नोकरीत असतानाच, आजपासून, सकाळी वीस मिनिटं बसा. तेवढी बैठक टिकली तर पुढेही टिकेल.

शेवटी परवाची गोष्ट. तानपुऱ्याचा आवाज बसला होता. तारा घासून घासून घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, खाचा पडतात, मग जवारी पुन्हा काढावी लागते, म्हणजे घोडी घासून नाद पुन्हा मोकळा करावा लागतो. सतारमेकर गल्लीत आमचे ठरलेले कारागीर आहेत, घराण्यात पिढ्यान् पिढ्या हेच काम. त्यांनी घोडी कानशीने दोन-चार वेळा हलकेच घासली, तार छेडली, कान लावला, पुन्हा घासली. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला आणि खर्ज अख्ख्या दुकानभर पसरला. पाऊण तास लागला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून वाद्यावर चिकटवायला नवं लेबल करून हवंय, असं त्यांनी तेव्हाच काढलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्याशा कागदाचे एवढे? जरा कमी करा की." मी म्हटलं, दोन-चार वेळा कानस फिरवलीत, त्याचे तुम्ही किती घेताय? ते हसले, चहा मागवला.

लेबलाचे मी दोनशे कमी केले. जवारीचे त्यांनी एक रुपया कमी केला नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने तानपुरा मांडीवर घेतला, तार छेडली, बराच वेळ ऐकली आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. तुलाच धंदा जमत नाही."