परिषदेचे दार आपल्या मुलींसाठी

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलींनी वर्गातील चिडवणे आणि छळ थांबवण्यासाठी मनापासून काम केले आहे. या विषयावरील जागतिक परिषदेत त्यांना बोलता यावे असे वाटते. परंतु खर्च कसा पेलावा?
– एक शिक्षिका, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : आपली इच्छा रास्त आहे. २०१७ मध्ये स्टॉकहोमला सुरू झालेला ‘वर्ल्ड अँटी-बुलिंग फोरम’ पुढे डब्लिन, अमेरिकेतील रॅले शहर आणि २०२५ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे भरला. म्हणजे विमानभाडे, व्हिसा आणि सोबतच्या शिक्षकांचा खर्च साताऱ्यातील पालकांना झेपणारा नाही. म्हणून आयोजकांना आताच पत्र लिहून विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफी, ऑनलाइन सहभाग आणि मराठीतून बोलण्यासाठी दुभाषा मागावा. मुलींची निवड करताना केवळ इंग्रजी सफाईने बोलणारीला पाठवू नये, जिने छळ सोसला वा थांबवला तिचे म्हणणे तिच्या आणि पालकांच्या संमतीने पुढे यावे, असे माझे ठाम मत आहे. ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यात लोकवर्गणीही अशक्य नाही. तोवर नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी, युनेस्कोच्या शालेय छळविरोधी दिनी, तालुक्यातील शाळांची परिषद मुलींनाच चालवू द्यावी आणि तिचा वृत्तान्त अर्जासोबत जोडावा.