एका गेमच्या भरवशावर घराचे पैसे लावावेत का?

प्रश्न : मी लहानपणापासून गेम खेळतो. एका कंपनीचा नवा कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, खपत नसल्याने तिचा शेअर बराच पडला आहे. येत्या काही महिन्यांत तिच्या दोन लोकप्रिय मालिकांचे गेम येतायत. घरासाठी भरायच्या पहिल्या रकमेतले निम्मे पैसे या शेअरमध्ये घालावेत असं वाटतं. घर अडीच वर्षांनी घ्यायचं आहे.

उत्तर : तुमचा अंदाज हवेतला नाही, हे आधी सांगतो. निन्टेंडो या जपानी कंपनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल, गेमबॉय, १९८९चा. १९९६मध्ये जपानमध्ये त्यावर पोकेमॉन हा गेम आला आणि जुन्या झालेल्या त्या यंत्राला नवं आयुष्य मिळालं. २०११मध्ये याच कंपनीच्या थ्रीडीएस या कन्सोलची सुरुवात रखडली होती, पण वर्षअखेरीस मारिओचे दोन मोठे गेम आले आणि गाडी रुळावर आली. हे दुसरं उदाहरण मात्र बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं. ते गेम येण्याआधी, ऑगस्टमध्येच, कंपनीने अमेरिकेतली किंमत २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणली होती. गिऱ्हाईक ज्या कारणाने अडलं होतं, ते कारण गेम येण्याआधीच दूर झालं होतं.

आता ज्याकडे मी तुमचं लक्ष जास्त वेधू इच्छितो, ते उदाहरण. २०१२च्या अखेरीस आलेला निन्टेंडोचा वी यू हा कन्सोल खपत नव्हता. मे २०१४मध्ये त्यावर मारिओ कार्ट ८ हा गेम आला. एप्रिल ते जून या तिमाहीत कन्सोल विकले गेले सुमारे ५ लाख १० हजार. आदल्या वर्षी त्याच तिमाहीत ते १ लाख ६० हजार होते. तिपटीहून जास्त! पण त्याच तिमाहीत गेमच्या प्रती खपल्या सुमारे २८ लाख. म्हणजे बहुतेक प्रती नेल्या त्या ज्यांच्या घरी कन्सोल आधीपासून होता त्यांनी. वी यूची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपासच थांबली. पुढे हाच गेम थोडी भर घालून २०१७मध्ये स्विच या निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर आला आणि ६ कोटींहून जास्त खपला. गेम तोच होता, फरक कन्सोलमध्ये होता.

कन्सोल घेणारा माणूस पुढच्या चार-पाच वर्षांत त्यावर काय काय खेळायला मिळेल, याचा विचार करून पैसे मोजतो. आणि बाहेरच्या गेम कंपन्या आधी किती घरांत कन्सोल पोचलाय ते बघतात. यंत्रं कमी म्हणून गेम कमी, गेम कमी म्हणून यंत्रं कमी. या चक्राला एक गेम धक्का देतो, पण मागोमाग दुसरे आले नाहीत तर ते पुन्हा तिथेच येऊन थांबतं.

समजा, कन्सोल सावरला. तरी शेअर वाढेलच असं नाही. गेमची तारीख सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे ती आशा भावात आधीच धरलेली असू शकते. जुलै २०१६मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा गेम आला आणि निन्टेंडोचा शेअर दोनेक आठवड्यांत दुप्पट झाला. मग कंपनीने स्वतःच सांगितलं, की आमच्या नफ्यावर याचा परिणाम मर्यादित असेल. २५ जुलैला एकाच दिवसात भाव जवळपास १८ टक्क्यांनी पडला. गेम तेव्हाही जोरात चालू होता.

म्हणून माझं उत्तर : घराच्या पैशांना हात लावू नका. निम्मी रक्कम घातलीत आणि शेअर आणखी निम्म्यावर आला, तर घराच्या रकमेचा चौथा हिस्सा गेला. तो भरून काढायला उरलेले पैसे ३३ टक्क्यांनी वाढावे लागतील, तेही अडीच वर्षांच्या आत. शेअर पडतो तेव्हा घराची तारीख पुढे सरकत नाही. ती रक्कम मुदत ठेवीत किंवा तशाच सुरक्षित जागी राहू द्या.

तुम्हाला या धंद्याची जाण आहे आणि ती वापरू नका असं मी म्हणणार नाही. घराची रक्कम आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून जे उरेल, त्यातले फार तर ५ टक्के या शेअरला द्या. तेही गेम येण्याआधी नको. गेम आल्यानंतरची दुसरी तिमाही येऊ द्या. तेव्हाच्या अहवालात प्रतींचा आकडा सोडून कन्सोलचा आकडा बघा : गेमची नवलाई ओसरल्यावरही तो आदल्या वर्षापेक्षा वर आहे का? कन्सोलची किंमत उतरली आहे का? बाहेरच्या कंपन्यांनी नवे गेम जाहीर केलेत का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली, तर शेअर तोवर थोडा महागलेला असेल. ते जास्तीचे पैसे मी खुशीने मोजीन.