सुतारकामाच्या टेबलाला नवा माथा बसवायचाय. सागाची फळी घ्यावी की प्लाय? आणि बसवल्यावर काय तपासावं?

साग घेऊ नका. ज्या फळीवर रोज हातोडा नि पटाशी पडणार, तिच्यावर सागाचे पैसे कशाला घालवायचे? १९ मिलीमीटरचे दोन प्लाय फेविकॉलने एकमेकांवर चिकटवा, विषय संपला. पण तुम्ही अख्ख्या लाकडावरच जाणार. मीही गेलो होतो.

साताऱ्यात, एप्रिल महिना. वखारीतून आंब्याच्या दोन इंची फळ्या आणल्या, जोडून पाच बाय दोन फुटांचा माथा केला. खाली लोखंडी अँगलचा सांगाडा. माझं म्हणणं होतं, पुढच्या कडेचे स्क्रू घट्ट करू, मागच्यांना अँगलमध्ये लांबट भोकं ठेवू. आमचे भावोजी मदतीला, म्हणजे सल्ल्याला, आलेले. "लोखंडाला बांधलेलं लाकूड जातंय कुठं?" म्हणाले आणि बाराच्या बारा स्क्रू कचकचून पिळले. थोरल्या बहिणीचा नवरा. गप्प बसलो.

जुलैत रंधा मारायला घेतला तर पट्टी जागेवर डुलायला लागली. माथ्यावर पोलादी पट्टी आडवी धरली. मध्यावर टेकलेली आणि दोन्ही कडांना उजेड, रुपयाचं नाणं सरकेल एवढा. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली आणि कडेच्या एका स्क्रूपासून वीतभर चीर गेली.

भावोजी आजही म्हणतात, "लाकूड ओलं होतं." अहो, ओलं लाकूड सुकताना आकसतं; आमचं पावसाळ्यात फुगलं! लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. दोन फुटांत चार-पाच मिलीमीटर सहज. त्याला तेवढी जागा दिली नाही की ते मध्ये वर येतं नाहीतर फाटतं. शेवटी गोल कानस घेऊन मागची भोकं मीच लांबट केली, वायसर टाकून स्क्रू बेताने आवळले. पुढच्या पावसाळ्यात पट्टीखाली उजेड नव्हता.

तपासायचं म्हणाल तर आधी सांगाडा जमिनीवर डुगडुगतोय का बघा, उगाच माथ्याला दोष नको. मग दोन सरळ ॲल्युमिनियम पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि खाली वाकून एकीवरून दुसरीकडे नजर लावा. वरच्या कडा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. उंच कोपऱ्यांवर रंधा तिरका चालवा. त्यानंतर एखादी बाभळीची पट्टी लावून अंगातला सगळा जोर लावून रंधा मारा आणि टेबल जागचं सरकतंय का बघा. माझं टेबल पहिल्याच दिवशी चालत भिंतीला टेकलं. आता खाली वाळूच्या दोन गोण्या आहेत. वडील जमिनीवर बसून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली पट्टी दाबायचे, त्यांचं काही चालत गेलं नाही कधी.

वर सनमायका लावू नका, काम घसरतं.

एक राहिलंच. वखारवाला फळ्या वर्षभर सुकल्यात म्हणाला आणि मी तपासलं नाही. त्यामुळे चिरेपुरतं भावोजींचं थोडंफार खरं असेलही. फुगवट्याचं नाही. तुम्ही मात्र फळ्या आणून दोन-तीन महिने घरातच, मध्ये काड्या घालून रचून ठेवा.

यंदा भावोजींनी स्वतःच्या जेवणाच्या टेबलाला आंब्याची फळी बसवलीय. बारा स्क्रू. जुलै यायचाय.